वाघिणीच्या थांबण्याचा दर

लहानपणी डोंबिवली स्टेशनवर लोकल लेट झाली की आजोबा मला मालगाडीचे डबे मोजायला लावायचे. डब्याला ते वाघीण म्हणायचे. मला वाटायचं, आत खरंच वाघीण असणार. इंग्रजी 'वॅगन' मराठी तोंडात बसताना वाघीण झाली, हे फार उशिरा कळलं.

आता मी मालवाहतुकीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. पहिल्याच वर्षी एक घोळ घातला. डेमरेज आणि व्हार्फेज दोन्ही म्हणजे उशिराचा दंड, असं समजून एकाच रकान्यात टाकले आणि बिलं चुकली. मग सीनियरनं समजावलं. ठरलेल्या मोफत वेळेत वाघीण भरली किंवा रिकामी केली नाही, तर डेमरेज. माल उतरवला, पण मुदतीत धक्क्यावरून उचलला नाही, तर व्हार्फेज. पहिल्यात गाडी अडते, दुसऱ्यात जागा.

दोन्ही शब्द मूळचे बंदरावरचे. जहाज खोळंबलं की डेमरेज. आणि 'व्हार्फ' म्हणजे जहाज लागतं तो धक्का. मराठीनंही तेच केलं: भाऊचा धक्का बोटींचा, मालधक्का रेल्वेचा. कल्याणला तर हे शोभूनच दिसतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण येतं ते बंदर म्हणूनच.

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, तिचे १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण रेल्वेचं लक्ष घाटापलीकडे होतं. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि तिथून दोन वाटा फुटल्या. पुण्याकडचा भोर घाट १८६३ मध्ये सर झाला, नाशिककडचा थळ घाट १८६५ मध्ये. एवढे डोंगर फोडण्यामागचं मोठं कारण होतं कापूस. विलायतेतल्या गिरण्यांना तो हवा होता. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून यायचा. हुंडेकरी जकातीसकट एका ठोक रकमेत तो पोचवायची हमी घ्यायचा. आज लोकल थांबवून मालगाडी पुढे काढली की आपण शिव्या देतो, पण ही वाट तिच्यासाठीही घातली होती.

आजोबा कल्याणच्या मालधक्क्यावर हमाल होते. रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींची अख्खी माळ, कधी लागेल याचा नेम नसायचा. लागला की डेमरेज चढू नये म्हणून रात्रीतून रिकामा करायचा. तो येईपर्यंतचे सहा-सात तास मात्र बिडी ओढत बसायचं. पैसे पोत्यामागे मिळायचे, बसण्याचे नाहीत. वाघिणीच्या थांबण्याला तासाचा दर होता; माणसाच्या थांबण्याला साधा शब्दही नव्हता.

१९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. मंडळाकडे नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाण्याची सोय अशा गोष्टी हमालांच्या वाट्याला आल्या. कायद्याच्या यादीत रेल्वेचे मालधक्केही आहेत. आजोबांना त्यातलं थोडं मिळालं, पण उशिरा.

माझा घोळ मी तेव्हाच निस्तरला. डेमरेज आणि व्हार्फेजला आता वेगवेगळे रकाने आहेत. आजोबांच्या त्या सहा-सात तासांसाठी रकाना काढायचा झाला, तर त्याला नाव काय द्यायचं, ते अजून सुचलेलं नाही.