गाठ कोणाशी पडणार? : पंचरंगी सामने आणि मुंबईचे चाहते

लालबाग, परळ, प्रभादेवी या भागांत आजही कबड्डीची स्पर्धा जाहीर झाली की मंडळांच्या पोरांचा पहिला प्रश्न भाग्यपत्रिकेबद्दल असतो. आपण वरच्या गटात की खालच्या, पहिली गाठ कोणाशी, बलाढ्य संघ उपांत्य फेरीत आडवा येणार की थेट अंतिम सामन्यात? मैदानावर पहिली चढाई होण्याआधीच अर्धी स्पर्धा नाक्यावर खेळून झालेली असते.

हे वेड या शहराला जडले ते मात्र कबड्डीमुळे नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात गिरगावपासून दादरपर्यंत हीच चर्चा क्रिकेटवरून चाले. त्या स्पर्धेचे नाव वर्षागणिक बदलत गेले : आधी तिरंगी, मग चौरंगी, शेवटी पंचरंगी. तिच्यातले संघ गल्लीचे, गिरणीचे किंवा प्रांताचे नव्हते. ते धर्माचे होते. त्यामुळे ‘यंदा गाठ कोणाशी?’ हा साधा वाटणारा प्रश्न विचारताना मुंबईकर नेमके काय विचारत होता, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभ १८९२ मध्ये झाला. पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. दोनच संघ असल्याने गाठ कोणाशी हा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले आणि हिंदूंना बाहेर ठेवणे अशक्य झाले. १९०७ मध्ये तिरंगी सामने आले, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी झाले. पहिली चौरंगी स्पर्धा पारशांनी जिंकली.

चार संघ आले आणि जोड्यांचे गणित जन्माला आले. चार संघांच्या दोन जोड्या तीनच प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी एका प्रकारात हिंदू आणि मुसलमान पहिल्याच सामन्यात भिडतात; उरलेल्या दोन्हींत ते भिडले तर अंतिम सामन्यातच. हे गणित मांडायला कोणालाही शाळेत जावे लागत नव्हते. पुढे १९३७ मध्ये पाचवा संघ आल्यावर ते अधिक गुंतागुंतीचे झाले, कारण एका जोडीला एक जादा सामना खेळून उपांत्य फेरी गाठावी लागे आणि बाकीचे तीन संघ ताजेतवाने वाट पाहत बसत.

सामने १९३६ पर्यंत एस्प्लनेड मैदानावर, म्हणजे बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. गिरगावकराला हे अंतर पायी जाण्याजोगे. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ चा, तोही समुद्राच्या बाजूला हाकेच्या अंतरावर. शेजारीच पारशी आणि इस्लाम जिमखाने. परळ-दादरच्या माणसाला ट्रॅम होती, रेल्वे होती. ज्याला रजा मिळत नसे त्याच्यासाठी १९३४ पासून आणखी एक सोय झाली. बॉबी तल्यारखान यांनी आकाशवाणीवरून सामन्याचे धावते वर्णन सुरू केले. दुसरा समालोचक जोडीला न घेता ते दिवसभर एकटे बोलत. रेडिओ थोड्यांकडेच होते; पण एका रेडिओभोवती किती माणसे उभी राहू शकतात याला मर्यादा नसते.

जोड्यांच्या चर्चेइतकीच दुसरी एक चर्चा पेटत असे, ती संघनिवडीची. येथे धर्माच्या आतली भिंत उघडी पडे. पळवणकर बाळू हा त्या काळातला हिंदूंचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज, डावखुरा फिरकीचा. तो चांभार समाजातला. ज्या १९०६ च्या विजयाने हिंदूंना स्पर्धेची दारे उघडली त्यात त्याचा मोठा वाटा होता. तरीही कर्णधारपद त्याच्या वाट्याला येईना. बाळू, शिवराम, विठ्ठल या भावांच्या जोरावर हिंदू संघ वर्षानुवर्षे उभा होता आणि नेतृत्व मात्र दुसऱ्याकडे.

१९२० मध्ये हे गळू फुटले. एम. डी. पै कर्णधार नेमले गेले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्याला ते आजारपणामुळे उपलब्ध नव्हते, तेव्हा सूत्रे दि. ब. देवधरांकडे गेली आणि बाळूला संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीरपणे मांडली. ज्या खेळात खेळाडूने बोलायचे नाही असा शिरस्ता होता, त्या खेळात दोन दलित खेळाडूंनी केलेला हा बहिष्कार मराठी सामाजिक इतिहासात हवा तितका वाचला जात नाही. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तिघेही परतले; बाळू उपकर्णधार झाला आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्याने संघाचे नेतृत्वही केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

बाळूची कथा पुढे गिरणगावात येऊन थांबते. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने त्याला उभे केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. एकाच समाजघटकाचे दोन नायक, आणि त्यांची गाठ कोणाशी घालायची हे ठरवणारा तिसराच.

दरम्यान १९३० ते १९३३ या वर्षांत कायदेभंगाच्या चळवळीमुळे सामने झालेच नाहीत. १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा शहर बदलले होते. त्याच वर्षी प्रांतांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे पुढची रणजी करंडक स्पर्धा, सुरू झाली. पण मुंबईकर गर्दी करीत होता ती चौरंगीलाच. १९३४ आणि १९३५ या दोन्ही वर्षी अंतिम सामना हिंदू-मुसलमान असा झाला आणि दोन्ही मुसलमानांनी जिंकले. आता जोड्यांची चर्चा केवळ चर्चा राहिली नाही. राजकारणात जे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत होते, तेच मैदानावरही उभे आहेत असे पाहणाऱ्याला वाटू लागले.

१९३७ मध्ये स्पर्धा चर्चगेटजवळच्या नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गेली आणि ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला : भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध असे जे चार चौकटींत बसत नव्हते त्यांचा. नावच पाहा. उरलेले! पंचरंगीच्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ मात्र खेळला नाही. कारण कोणतेही तत्त्व नव्हे. जिमखान्यांना स्टेडियममधली किती आसने द्यायची यावरून वाद झाला होता.

तत्त्वाचा बहिष्कार तीन वर्षांनी आला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे गेले. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, माणसे तुरुंगात होती, युरोपात युद्ध पेटले होते. अशा वेळी हा उत्सव नको, असे गांधीजींचे मत पडले. शिवाय धर्मावरून संघ पाडणेच त्यांना मान्य नव्हते. जिमखान्याच्या सभेत मते जवळजवळ दुभंगली आणि थोड्या फरकाने न खेळण्याचा ठराव झाला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने या स्पर्धेविरुद्ध आघाडी उघडली होती. समर्थकांचे म्हणणे असे की इतकी वर्षे सामने होत आहेत, त्यांच्यामुळे दंगल झालेली नाही. उलट एकमेकांच्या खेळाला लोक दाद देतात.

या युक्तिवादात तथ्य होते, पण तो पुरेसा नव्हता. प्रेक्षक चांगले की वाईट हा प्रश्न नव्हताच. ज्या स्पर्धेत चाहत्याला आपला संघ निवडण्याचा अधिकार नाही, तो जन्मानेच ठरलेला आहे, तिथे खिलाडूवृत्ती कितीही असली तरी मांडणीचा दोष राहतोच. आयर्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे १८८४ मध्ये थर्ल्स या गावी गेलिक क्रीडा संघटना स्थापन झाली, तीही ब्रिटिश सत्तेखाली आणि राष्ट्रीय अस्मितेच्या आवेशात. इंग्रजी खेळ खेळणाऱ्यांना तिने १९७१ पर्यंत बंदी घातली होती, म्हणजे सोवळेपणात तीही कमी नव्हती. पण तिच्या गेलिक फुटबॉलच्या स्पर्धेतले संघ परगण्यांचे. आयरिश चाहता आजही यंदा कोणता परगणा वाट्याला येतो यावर तासन्‌तास बोलतो. ती जोडी नकाशावरची असते.

१९४१ मध्ये हिंदू परतले. त्या वर्षी बहुप्रतीक्षित गाठ अंतिम सामन्याआधीच पडली; विजय मर्चंटने मुसलमानांविरुद्ध नाबाद २४३ धावा केल्या आणि पुढे पारशांना हरवून हिंदूंनी स्पर्धा जिंकली. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’मुळे सामने नाहीत. आणि मग १९४३ आले, ज्या वर्षी सगळ्या नाक्यांवरची भाकिते ‘उरलेल्यां’नी मोडली.

विजय हजारे सांगलीचा, मराठी ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’चा. त्याने मुसलमानांविरुद्ध २४८ धावा काढून मर्चंटचा विक्रम मोडला. अंतिम सामना हिंदू विरुद्ध रेस्ट असा झाला. मर्चंटने नाबाद २५० करून विक्रम परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑननंतर हजारेने जे केले त्याला तोड नाही : ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याच्या. भाऊ विवेक याच्याबरोबर त्याने ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेकच्या २१. रेस्ट डावाने हरले. तरीही त्या सामन्याची आठवण काढणारा विजेत्याचे नाव क्वचितच आधी घेतो. हिंदू संघाचा पाठीराखा म्हणून आलेल्या गिरगावच्या मराठी माणसाने त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या होत्या? सांगलीच्या मराठी माणसासाठी की आपल्या धर्माच्या संघासाठी? स्पर्धेची सगळी चौकट या एका खेळीने वाकडी केली.

१९४४ चा अंतिम सामना पुन्हा हिंदू-मुसलमान. मुसलमानांना जिंकण्यासाठी २९८ हव्या होत्या. के. सी. इब्राहीम सलामीला येऊन शेवटपर्यंत टिकला, नाबाद १३७. एक गडी राखून विजय. फाळणीच्या तीन वर्षे आधी, मुंबईत, खचाखच भरलेल्या स्टेडियमवर असा सामना होतो आणि लोक शांतपणे घरी जातात, ही गोष्ट समर्थकांच्या बाजूने नोंदवायलाच हवी.

१९४५-४६ ची स्पर्धा हिंदूंनी पारशांना ३१० धावांनी हरवून जिंकली. ती शेवटची ठरली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौसैनिकांचे बंड सुरू झाले. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र घेऊन लोक रस्त्यावर आले आणि परळ-लालबागच्या कामगारांनी गोळ्या झेलल्या. त्याच शहरात सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. त्या हंगामात पंचरंगी सामने भरले नाहीत, आणि पुढे त्यांची जागा विभागवार संघांच्या स्पर्धेने घेतली.

इब्राहीम त्यानंतर भारतासाठी चार कसोटी सामने खेळला. १९४८-४९ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईची गाठ बडोद्याशी पडली, ज्या बडोद्याकडून हजारे खेळत असे. इब्राहीमने त्या सामन्यात मुंबईसाठी २१९ धावा केल्या आणि करंडक मुंबईत आला. पुढे तो कराचीला गेला, आणि २००७ मध्ये तेथेच वारला.