जीप घरीं आणतांना

युद्धासाठीं जन्मलेल्या वस्तु युद्ध संपलें कीं बहुधा वितळविल्या जातात, नाहीं तर संग्रहालयांत जाऊन बसतात. जीपचें तसें झालें नाहीं. लातूर-नांदेडकडील एखादा हौशी गृहस्थ आजहि मुंबईस जातो, साठ-सत्तर वर्षांची जुनी जीप पारखून घेतो आणि ती मालमोटारीवर न चढवितां स्वतः हांकीत घरीं आणतो. शेजारीपाजारी यास वेड म्हणतात. या वेडास इतिहासाचा आधार किती, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

आधार अगदीं मुळापासून आहे. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन लष्करानें हलक्या टेहळणी-गाडीसाठीं १३५ कारखान्यांस विचारणा केली. पहिली गाडी ४९ दिवसांत हवी, ही अट वाचूनच बहुतेकांनीं हात झाडले. पुढें आले दोघेच, विलीज आणि बँटम. आणि मुदत पाळण्याची छाती केली ती बँटमनें. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवचा हा लहानसा, डबघाईस आलेला कारखाना. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें कांहीं दिवसांत आराखडे पुरे केले. २३ सप्टेंबर १९४० हा शेवटचा दिवस, आणि सायंकाळचे पांच ही शेवटची घटिका. गाडी वाहून नेण्यास वेळच उरला नव्हता, म्हणून प्रॉब्स्ट आणि त्याचा सोबती ती हांकीतच बाल्टिमोरनजीकच्या होलाबर्ड छावणीकडे निघाले. वाट दोनशेंहून अधिक मैलांची. आरंभीं कोऱ्या इंजिनाच्या काळजीनें चाल संथ ठेविली, पुढें घड्याळाकडे पाहून वेग वाढवावा लागला. साडेचारास गाडी छावणीच्या दारांत उभी राहिली.

म्हणजे जीप या जातीचा पहिला प्रवास हाच मुळीं, नवी गाडी सडकेनें मालकाच्या दारीं पोंचविण्याचा होता. बँटमच्या पदरांत मात्र फारसें कांहीं पडलें नाहीं. विलीजचें साठ अश्वशक्तीचें इंजिन सरस ठरलें, मोठा ठेका त्यांस मिळाला, आणि त्याच नमुन्यावरून फोर्डनेंहि गाड्या केल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीपा युद्धकाळांत बाहेर पडल्या. कल्पना एकाची आणि कोठार दुसऱ्याचें, हा व्यापारांतील जुनाच न्याय.

हिंदुस्थानांत जीप आली ती ब्रह्मदेशच्या आघाडीमुळें. युद्ध संपल्यावर लष्करानें काढून टाकलेल्या गाड्या विक्रीस निघाल्या. इकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजीं महिंद्र आणि महंमद या नांवाची पेढी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं पेढीचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. विलीजकडून सुटे भाग आणून मुंबईंत माझगांव येथें जीपा जोडण्यास त्याच सुमारास आरंभ झाला. आज जुनी म्हणून बाजारांत मिळणारी जीप बहुधा या घराण्याची असते. विक्रेता मात्र तिला महायुद्धांतील म्हणून पुढें करतो! पारख कठीण नाहीं. युद्धकाळच्या पत्र्याच्या जाळींत नऊ उभ्या फटी असतात, नागरी जीपेंत सात. फोर्डच्या गाडींत बोल्टांच्या डोक्यांवरहि त्या कारखान्याचें आद्याक्षर कोरलेलें सांपडतें. तोंड उंच दिसलें तर ती मागाहूनच्या, उंच इंजिनाच्या पिढीची समजावी. यांत कमीपणा कसला? माझगांवांत जुळलेली जीप हा आपल्या उद्योगाचा इतिहास आहे, आणि तो उसन्या शौर्यापेक्षां मोलाचा आहे.

मुंबई ते लातूर हें अंतर सुमारें पांचशें किलोमीटर. शहाण्या माणसानें त्याचे दोन दिवस करावे. द्रुतगति मार्गाचा मोह टाळून शक्य तेथवर जुन्या सडकेनें, १८३० सालीं गाडीरस्ता म्हणून खुल्या झालेल्या बोरघाटाकडे जावें. उताराच्या वेळीं वेग आवरण्याचें काम खालच्या गिअरकडे सोंपवावें. या गाडीचे ब्रेक सर्वस्वीं पायाच्या जोरावर चालतात आणि तापले कीं ढिले पडतात. डांबरी सडकेवर चारीं चाकांची शक्ति जोडूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात, कोरडी सडक त्यांना घसरूं देत नाहीं, आणि सारा ताण दांतेरी चक्रांवर येतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या निघण्यापूर्वींच बदलाव्या. आजच्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल असतें, तें जुनें रबर खातें. हें इथेनॉल पुष्कळसें उसापासून होतें, तेव्हां लातूरकरानें तक्रार तरी कोणापाशीं करावी!

पुण्याहून इंदापूर, भीमा ओलांडून टेंभुर्णी, मग कुर्डुवाडी आणि बार्शी. बार्शीपुढें पांगरी आणि येडशी या दोन गांवांच्या दरम्यान गाडी एक रेघ ओलांडते. आज ती सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांची शीव आहे. १९४७ पर्यंत एका बाजूस ब्रिटिश मुलूख होता आणि दुसऱ्या बाजूस निजामाचें राज्य. करोडगिरी म्हणजे जकात निराळी, आणि नाणेंहि निराळें, हाली शिक्क्याचें. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ पासून ही शीव ओलांडून लातुरापर्यंत येत असे. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटार-वाहतूकहि सुरू केली. परंतु रूळ असोत कीं मोटारी, दोन्ही बांधलेल्या वाटेच्या बंदिवान. वाट सोडली कीं काळी माती. ही माती पावसांत फुगते, चाकास लपेटते, आणि बैलगाडीसहि गुडघे टेकावयास लावते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानें शरणागति पत्करली आणि शीव पुसली गेली. चिखल पुसला गेला नाहीं. सडक नसलेल्या गांवीं पावसाळ्यांत पोंचावयाचें तर चारीं चाकांनीं ओढणारें वाहनच हवें होतें. जीपचा आमच्या भागांतील मान येथून आलेला आहे, सिनेमांतून नव्हे.

आतां खरा पेंच. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं पुरातन वाहनांची निराळी नोंदणी सुरू केली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. मान मोठा, पण अट अशी कीं तें वाहन नित्याच्या रहदारींत आणावयाचें नाहीं. प्रदर्शन, संशोधन, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतेंच बाहेर काढावयाचें. साधी नोंदणी ठेवावी तर दर पांच वर्षांनीं तपासणीस उभें राहावें लागतें, परंतु सडक मोकळी राहते. माझें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. प्रदर्शनांतील जीपेस सारे ओळखतात, पण येडशीचा चढ दुसऱ्या गिअरमध्यें गुरगुरत चढतांना ती काय बोलते, हें हांकणारालाच ऐकूं येतें. ज्याची गाडी खरोखरच अखेरची आणि अस्सल असेल त्यानें पुरातन नोंदणी खुशाल घ्यावी; मात्र ती घरीं आणून झाल्यावर.

येडशीनंतर ढोकी, मुरूड, आणि मग लातूर. गंजगोलाईंत सोळा रस्ते एकत्र मिळतात. संध्याकाळच्या गर्दींत जुनी जीप तेथें नेऊं नये, क्लच जळतो. बाहेरच्या वाटेनें घरीं न्यावी, इंजिन निवेपर्यंत पाण्याच्या टाकीचें झांकण उघडूं नये, आणि सकाळीं गाडीखालीं तेलाचे किती थेंब पडले आहेत तें मोजावें.