खाशाबांना न मिळालेली तीस मिनिटं

आमच्या खाप्यात कुस्तीचा विषय निघाला की कोणी ना कोणी हेलसिंकीची गोष्ट काढतंच. "खाशाबाले अर्धा घंटा आराम देला असता ना, तं सोनंच होतं!" लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आलोय. एमएस्सी करून पीएचडीला लागल्यावर एक दिवस डोक्यात आलं की हे वाक्य म्हणजे एक दावा आहे. अर्ध्या तासात थकलेल्या शरीरात नेमकं काय भरून येतं, हे मोजता येतं. मग हे वाक्य कितपत टिकतं?

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय आणि "विषय सुचत नाही" असे मेसेज पाठवता. म्हणून आज हा एकच प्रश्न सोडवून दाखवतो. यात इतिहास आहे आणि स्नायूंचं विज्ञानही आहे.

आधी घटना. खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात ते सहावे आले, आणि तोवर त्यांची सगळी कुस्ती मातीतली होती. लंडनला रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरचे बारकावे शिकवले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते 57 किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून शेवटच्या तिघांत पोहोचले. उरलेले दोघे म्हणजे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता ती तीस मिनिटं. गोष्ट अशी सांगतात की इशीशी पूर्ण वेळ चाललेली लढत एका गुणाने गेली आणि लगेच खाशाबांना मम्मदबेयोवसमोर उभं केलं. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण हे ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता.

त्या काळी फ्रीस्टाइलची लढत पंधरा मिनिटांची असायची. आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये तीस सेकंद मिळतात. म्हणजे आजच्या लढतीवरून 1952 च्या थकव्याचा अंदाज बांधायला गेलात तर चुकाल. जुन्या घटनेला आजचं माप लावणं ही आपली नेहमीची चूक. सिनॉप्सिस लिहिताना तर हमखास होते.

पुढचा प्रश्न: अर्ध्या तासाचं महत्त्व 1952 साली विज्ञानाला माहीत होतं का? होतं, आणि चांगलं माहीत होतं. स्नायूंत उष्णता कशी तयार होते यावरच्या कामासाठी आर्चिबाल्ड हिल यांना, आणि स्नायूंत लॅक्टिक आम्ल व ऑक्सिजन यांचं नातं काय यावरच्या कामासाठी ओटो मायरहॉफ यांना 1922 सालचं नोबेल मिळालं होतं. 1927 मध्ये हार्वर्डला 'फटीग लॅबोरेटरी' उघडली. नावातच थकवा! तिथे मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी ट्रेडमिलवर माणसांना दमेपर्यंत पळवलं आणि नंतर त्यांच्या रक्तातलं लॅक्टेट मोजत राहिले. 1933 मध्ये त्यांनी दाखवलं की ऑक्सिजनचं 'कर्ज' दोन हप्त्यांत फिटतं. एक हप्ता झटपट, काही मिनिटांत. दुसरा संथ, लॅक्टेटशी जोडलेला, ज्यात साधारण पंधरा मिनिटांनी पातळी निम्म्यावर येते. 1937 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून अजून एक गोष्ट पुढे आली. नुसतं बसून राहण्यापेक्षा हलकं चालत-पळत राहिलं तर लॅक्टेट लवकर उतरतं.

आता गणित करा. पंधरा मिनिटांनी निम्मं, तीस मिनिटांनी पाव. म्हणजे नियमातला अर्धा तास असता तर चढलेल्या लॅक्टेटचा मोठा भाग उतरला असता. इथे माझा पहिला ड्राफ्ट संपला होता आणि मी खूश होतो. खाप्याचं वाक्य सिद्ध!

पण गाईडनी विचारलं, "लॅक्टेट उतरलं म्हणजे ताकद परत आली, हे कुठे सिद्ध झालंय?" मी गप्प.

लॅक्टेट हा थकव्याचा खलनायक, ही समजूत पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं चालली. 1980 च्या दशकात जॉर्ज ब्रूक्स यांनी मांडलं की लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार होतं आणि दुसरा स्नायू किंवा हृदय ते वापरतं. रक्तात मोजायला सोपं म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटलं. थकव्याची कारणं बरीच, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे क्षणात लागणाऱ्या जोराचा साठा, अर्ध्याहून अधिक मिनिटभरातच भरतो आणि बाकीचा पुढच्या काही मिनिटांत. ग्लायकोजेनचं उलटं आहे. बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा स्वीडिश संशोधकांनी 1966 मध्ये स्वतःच्याच मांडीतून सुईने स्नायूचे तुकडे काढून दाखवलं की रिकामा झालेला साठा भरायला अन्न आणि दिवस लागतात. (एक पाय सायकलवर दमवायचा, दुसरा आरामात ठेवायचा, की तुलना तयार. इतका साधा प्रयोग सुचणं ही खरी हुशारी.) 1977 मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी स्नायूंना विजेचे सावकाश झटके देऊन दाखवलं की एक प्रकारचा थकवा तासन्तास, कधी दिवसभरही, जात नाही. स्नायूंचं रसायन पूर्ववत झालेलं असतं, तरी जोर कमीच भरतो.

म्हणजे अर्ध्या तासात खाशाबांना श्वास आणि क्षणिक जोर जवळपास पूर्ण मिळाला असता, लॅक्टेटही बरंच उतरलं असतं. पण पंधरा मिनिटं पकडी धरून शिणलेले हात पूर्ण ताजे झाले नसते. "सोनंच होतं" हे काही सिद्ध करता येत नाही. विश्रांतीशिवाय लढणारा माणूस मोजण्याइतक्या कमी ताकदीने लढतो, एवढं नक्की सांगता येतं. व्हायवाला मी याच्या पुढे एक शब्द बोलणार नाही.

मग अडलं कुठे? आपल्याकडे प्रयोगशाळाच नव्हत्या, असं उत्तर सहज तोंडात येतं. ते खरं नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात दाब किती पडतो, हे ते एक्स-रे आणि दाबमापकाने तपासत होते, तेही हार्वर्डची प्रयोगशाळा उघडायच्या आधी. शरीर मोजायची विद्या लोणावळ्यात होती आणि कुस्ती कराड-कोल्हापुरात. अंतर फार नव्हतं. पण तालमीत वस्ताद, मालिश, दूध, तूप, बदामाची थंडाई हे सगळं होतं आणि रिकव्हरीचं ते एक पूर्ण शास्त्रच होतं. दोघांना एकत्र बसवणारं कोणी नव्हतं. हेलसिंकीत तर वस्तादही सोबत नव्हता. हार्वर्डचा आलेख असो की नियमाचं पुस्तक, मॅटच्या कडेला उभं राहून "थांबा, याला वेळ द्या" म्हणणारा माणूस नसेल तर दोन्ही कागदावरच राहतात.

याचंच दुसरं टोक बघा. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, लष्करात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचाच भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. इथे कोणीतरी शेजारी उभं होतं.

संस्था हळूहळू आल्या. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 मध्ये, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट 2001 मध्ये. आता मल्लासोबत फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो. तरी प्रश्न मिटलेला नाही, फक्त जागा बदललीय. 2018 पासून कुस्तीत एक वजनगट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पॅरिसला 2024 मध्ये अमन सेहरावत, खाशाबांच्याच 57 किलो गटात, उपांत्य फेरी हरला. मग रात्रभर सॉना, गरम पाणी, ट्रेडमिल करत दहाएक तासांत साडेचार किलोच्या वर वजन उतरवून सकाळी काट्यावर उभा राहिला. ग्लायकोजेन भरायची रात्र पाणी काढण्यात गेली! तरी त्याने कांस्य जिंकलं. यावर मराठीत एकही धड लेख मला वाचायला मिळालेला नाही, म्हणून विषय शोधणाऱ्यांनी इथे नक्की बघा.

खाशाबांचं एक सांगायचं राहिलं. हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन आल्यावर गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. ती आटोपली आणि खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः त्यात लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.