भट्टीवाल्याचा हात

मराठींतील 'पाव' आणि जपानींतील 'पान' हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. पोर्तुगीज इ. स. १५१० मध्यें गोव्यांत शिरले, १५४३ मध्यें जपानच्या किनाऱ्यास लागले, आणि दोन्ही ठिकाणीं आपल्या रोटीचें नांव मागें ठेवून गेले. गोव्यांत 'पोदेर' निपजला. माडाच्या सुरेनें पीठ फुगवून लांकडाच्या भट्टींत पाव भाजणें हा त्याचा पिढीजात धंदा झाला. जपानांत मात्र भात हेंच मुख्य अन्न राहिलें. पाव तेथें घरोघर रुजला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, शाळांतील मुलांच्या ताटांत अमेरिकन गव्हाचा पाव पडूं लागल्यावर. पावाचें पीठ मळण्याची परंपरा ज्या देशांतील गृहिणीच्या हातांत नव्हती, त्याच देशांत घरगुती पावयंत्र जन्मास यावें, हें एका परीनें स्वाभाविकच होय.

पीठ मळण्याचे कष्ट यंत्रावर टाकण्याची कल्पना याहून जुनी आहे. बोस्टनजवळ हॉटेल चालविणाऱ्या जोसेफ ली या कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थानें इ. स. १८९४ मध्यें पीठ मळण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें 'युनिव्हर्सल' नांवाची एक बादली निघाली. तिच्या झांकणांतून आकडा खालीं जाई आणि वरचा दांडा फिरविला कीं पीठ मळलें जाई. सेंट लुई येथील १९०४ च्या प्रदर्शनांत तिला सुवर्णपदक लाभलें. परंतु हीं यंत्रें केवळ मळीत असत. पीठ केव्हां फुगलें, भट्टी केव्हां तापली, हें जाणणारा माणूसच असे.

तें जाणणेंही यंत्राकडे सोंपवावें असा घाट ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीनें १९८४ नंतर घातला. भात शिजविण्याचीं यंत्रें, भाजण्याचीं यंत्रें आणि वाटण-घुसळणाचीं यंत्रें करणारे तिचे तीन विभाग त्या वर्षीं एकत्र करण्यांत आले होते. तिघांच्या विद्या मिळून पाव होईल, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण पाव कांहीं होईना. वरचा पापुद्रा करपे आणि आंत पीठ कच्चें राही. यंत्रानें मळलेलें पीठ व कसबी भट्टीवाल्यानें मळलेलें पीठ यांचीं क्ष-किरण चित्रेंही शेजारीं ठेवून पाहिलीं. उलगडा झाला नाहीं.

तेव्हां इकुको तानाका या बाईंनीं एक साधा मार्ग सुचविला. यंत्राच्या आज्ञावलीचें काम त्यांच्याकडे होतें. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरांत नांवाजलेला. तेव्हां तेथील मुख्य भट्टीवाल्याच्या हाताखालीं जाऊन त्या पीठ मळावयास शिकूं लागल्या. आरंभीं त्यांचा पाव बिघडे, आणि गुरूस विचारावें तर त्यालाही आपण काय करतों हें शब्दांत सांगतां येत नसे. एके दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तो पीठ नुसतें ताणीत नाहीं, ताणतांना पिळतो. परत येऊन त्यांनीं अभियंत्यांस 'पिळून ताणणें' एवढेंच सांगितलें. अभियंत्यांनीं भांड्याच्या आंतील भिंतीस उभ्या कडा बसविल्या. पातें फिरूं लागलें कीं पिठाचा गोळा त्या कडांस अडून ताणला जाई व पिळलाही जाई.

दुसरी अडचण ऋतूची होती. उन्हाळ्यांत यीस्ट भलतेंच चेकाळे. थंड ठेवण्याची सोय यंत्रांत करावी तर किंमत वाढे. शेवटीं यीस्ट आरंभीं न घालतां पीठ मळून होत आल्यावर सोडावें, ही युक्ति सांपडली. ती नवी नव्हती. तापमान ताब्यांत ठेवण्याचीं साधनें नव्हतीं त्या काळचे पाववाले तसेंच करीत. १९८७ मध्यें यंत्र बाजारांत आलें. किंमत ३६,००० येन असूनही पहिल्याच वर्षांत तें ५ लाखांहून अधिक खपलें.

इकुजिरो नोनाका या पंडितानें १९९१ मध्यें ही कथा लिहिली व ती जगभर गाजली. अबोल कसब शब्दांत येतें व शब्दांतून यंत्रांत उतरतें, असा तिचा अर्थ त्यानें लावला. १९००च्या दशकांनंतरच्या या नव्या शतकांत, २००७ मध्यें, रिबेरो आणि कॉलिन्स या दोघां अभ्यासकांनीं त्यास आक्षेप घेतला. त्यांच्या मतें भट्टीवाल्याची सारी विद्या यंत्रांत गेलेलीच नाहीं; बरीचशी उणीव यंत्र वापरणारें माणूस आपल्या समजुतीनें नकळत भरून काढतें. हा आक्षेप अधिक खरा वाटतो, आणि त्याची प्रचीति मराठी स्वयंपाकघरांत लवकर येते.

यंत्रासोबतच्या पुस्तकांतील मापें परदेशी पिठाचीं असतात. चक्कीच्या दळणांत पिठांतील स्टार्चचे कण अधिक भंगतात, म्हणून येथील कणीक पाणी अधिक पिते. माप तंतोतंत पाळणाऱ्याच्या हातीं पुष्कळदां वीट येते. पोळ्यांची कणीक तिंबलेली गृहिणी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच झांकण उघडून बोट लावते, चमचाभर पाणी किंवा चिमूटभर पीठ टाकते, आणि गोळा गुळगुळीत होऊन भांड्याच्या कडेपासून सुटला कीं निर्धास्त होते. तिचें तें बोट कोणत्याही आज्ञावलींत नाहीं. मात्र भाजणें सुरू झाल्यावर झांकण उघडण्याचा मोह तिनेंही आवरावा.

रात्रीं घड्याळ लावून पहांटे पाव हवा असेल तर यीस्ट पाण्यापासून व मिठापासून दूर, कोरड्या पिठांत ठेवावें लागतें. नाहीं तर तें अवेळीं जागें होतें किंवा मिठानें मंदावतें. अशा वेळीं दूध-अंडीं घालूं नयेत. आपल्याकडील उन्हाळ्यांत तीं रात्रभरांत नासतात. भांड्याच्या आंतील लेप हा यंत्राचा नाजूक भाग होय. राख, काथ्या वा लोखंडी उलथणें यांचा त्यास स्पर्श होऊं देऊं नये. भांड्याच्या बुडाशीं फिरता आंस असतो. म्हणून भांडें पाण्यांत बुडवून ठेवण्याऐवजीं आंत कोमट पाणी भरून तासभर राहूं द्यावें.

पातें पुष्कळदां पावाच्या बुडांत रुतून बाहेर येतें. पाव कापण्यापूर्वीं तें लांकडी काडीनें काढून घ्यावें, नाहीं तर सुरीची धार जाते आणि पात्याचा लेपही.