ठिपक्यांची वंशावळ

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कुत्रा मुलांना चित्रपटांमुळे चांगला परिचयाचा असतो. त्याला अनुवंशशास्त्राच्या पुस्तकातही एक वेगळे स्थान आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९७३ साली सुरू झालेल्या एका साध्या संकरणाला अमेरिकेतील अधिकृत नोंदवहीत जागा मिळायला २०११ साल उजाडले. ज्यांना जातिवंत कुत्र्यांची पैदास जबाबदारीने करायची आहे, त्यांनी सुरुवात कुठून करावी याचे उत्तर या अडतीस वर्षांच्या कहाणीत आहे. वर्गात मेंडेल शिकवताना वाटाण्याच्या जोडीला एक जिवंत उदाहरण हवे असेल तर तेही येथे मिळेल.

नोंदवही आधी, अनुवंशशास्त्र नंतर

माणूस हजारो वर्षे कुत्रे पाळत आला आहे. शिकारीचे, राखणीचे, मेंढरे वळवणारे असे कुत्र्यांचे प्रकार फार जुने आहेत. परंतु ‘जात’ म्हणजे ठरावीक रूप, लिखित वर्णन आणि कागदावरची वंशावळ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधली आहे. १८५९ साली न्यूकॅसल येथे आधुनिक पद्धतीचे पहिले श्वानप्रदर्शन भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचेच कुत्रे होते. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ साली त्याच्या वंशावळीच्या नोंदवहीचा पहिला खंड निघाला. अमेरिकन केनेल क्लब १८८४ सालचा आहे.

पुढे या नोंदवह्या बहुतेक जातींच्या बाबतीत ‘बंद’ झाल्या. आई आणि बाप दोघेही नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद होणार, बाहेरचे रक्त येणार नाही, असा नियम रूढ झाला. आता तारखांकडे नीट पाहू. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला, पण त्याचे महत्त्व जगाला कळले ते १९०० साली. म्हणजे ‘शुद्धते’चे नियम ज्यांनी केले, त्यांना अप्रभावी जनुक ही गोष्ट माहीत असण्याची शक्यताच नव्हती. चांगल्या कुत्र्याशी चांगला कुत्रा जोडावा, गुण घट्ट करण्यासाठी नात्यातच जोडावा, एवढेच त्यांना ठाऊक होते. गुणांबरोबर दोषही घट्ट होतात, हे कळायला वेळ लागला.

एक दोष, जो सगळ्यांतच होता

शरीरातील पेशी मोडतात तेव्हा, तसेच मांसासारख्या अन्नातून, प्यूरिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यापासून युरिक आम्ल बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात युरिकेज नावाचे विकर असते. ते युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलॅन्टॉइनमध्ये करते. माणूस आणि एपवर्गीय वानरे यांनी हे विकर उत्क्रांतीच्या ओघात गमावले आहे. आपल्याला गाऊट हा सांध्यांचा विकार होतो, त्याचे मूळ येथे आहे.

डाल्मेशियनच्या लघवीत इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त युरिक आम्ल असते, हे स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९१६ साली दाखवून दिले. गंमत अशी, की डाल्मेशियनच्या यकृतात युरिकेज असते. बिघाड असतो तो युरिक आम्ल पेशीत नेणाऱ्या प्रथिनात. कारखाना चालू आहे, पण दारावरचा हमाल काम करत नाही, अशी ही अवस्था. मूत्रपिंडातही तेच प्रथिन निकामी असल्याने तेथून युरिक आम्ल रक्तात परत घेतले जात नाही. ते लघवीत उतरते, त्याच्या क्षारांचे खडे होऊ शकतात, आणि नराची मूत्रनलिका अरुंद असल्याने खडा अडकला तर लघवी कोंडते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर कुत्रा दगावतो. प्रत्येक डाल्मेशियनला खडे होत नाहीत. पण खडे होण्यास अनुकूल अशी स्थिती मात्र या जातीतील प्रत्येक शुद्ध कुत्र्यात होती.

१९३८ साली ट्रिंबल आणि कीलर या संशोधकांनी डाल्मेशियनचा दुसऱ्या जातीशी संकर करून हा दोष मेंडेलच्या नियमांनुसार वागणारा अप्रभावी दोष आहे असे दाखवले. म्हणजे निदान झालेले होते. उपाय मात्र जातीच्या आत शक्य नव्हता. निरोगी जनुक ज्याच्याकडे आहे असा एकही शुद्ध डाल्मेशियन नसेल, तर कितीही काळजीपूर्वक निवड केली तरी निवडायचे काय?

बाहेरचा एक पॉइंटर

रॉबर्ट शायबल हे अमेरिकेतील अनुवंशशास्त्रज्ञ स्वतः डाल्मेशियनची पैदास करत. त्यांनी १९७३ साली एका डाल्मेशियन मादीचा पॉइंटर नराशी संकर घडवला. असा संकर एकदाच झाला. पुढच्या प्रत्येक पिढीत जोडी पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच लावली. यालाच पश्चसंकर म्हणतात.

फळ्यावर हे असे मांडता येईल. निरोगी प्रभावी जनुकाला ‘न’ आणि सदोष अप्रभावी जनुकाला ‘द’ म्हणू. पॉइंटर ‘नन’, डाल्मेशियन ‘दद’. पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले ‘नद’, म्हणजे लघवीतील युरिक आम्ल कमी असलेली. त्यांची जोडी ‘दद’शी लावली की सरासरीने निम्मी पिल्ले ‘नद’ आणि निम्मी ‘दद’. लघवी तपासून ‘नद’ ओळखायची आणि पुढच्या पिढीसाठी तीच ठेवायची. प्रत्येक पिढीत पॉइंटरचा सरासरी वाटा निम्मा होतो: ५०, २५, १२.५, ६.२५ आणि पाचव्या पिढीत सुमारे ३ टक्के. हवे असलेले एक जनुक तेवढे हाताने जपले जाते, बाकीचे हळूहळू गळत जातात.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने या वंशातील दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. मात्र डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या संघटनेतील सभासदांनी कडाडून विरोध केला आणि त्यांच्या पुढील संततीची नोंद थांबली.

विरोध करणारे सगळेच हटवादी होते, असे समजणे अन्यायाचे होईल. पॉइंटरबरोबर दुसरा एखादा रोग आत आला तर? भरपूर पाणी आणि योग्य आहार देऊन खडे टाळता येत असतील तर जातीला हात का लावा? पिढ्यान्पिढ्या जपलेले ठिपके बिघडले तर? हे प्रश्न खरे होते. पण ते तपासून पाहण्याजोगे होते, आणि तपासण्याचा मार्ग नोंदवहीच्या नियमाने बंद केला. ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ कागदावर शुद्ध की शरीराने निकोप, हा खरा वाद होता.

वारा फिरला

काही थोड्या पैदासकारांनी नोंद नसतानाही हा वंश टिकवून धरला. २००८ साली डॅनिका बॅनाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एसएलसी२ए९’ या जनुकातील नेमका बदल शोधून काढला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील फक्त एक अमिनो आम्ल बदललेले होते. आता लघवीऐवजी डीएनएच्या तपासणीने ‘नन’, ‘नद’ आणि ‘दद’ स्पष्ट वेगळे करता येऊ लागले. त्याच वर्षी बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आरोग्यावर दाखवलेल्या माहितीपटाने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. सख्ख्या भावंडांच्या किंवा पालक-अपत्यांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांची नोंद ब्रिटिश केनेल क्लबने बंद केली. २०१० साली प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांचा कुत्र्यांच्या पैदाशीवरील अहवाल आला.

त्याच वर्षी पॉइंटरच्या वंशातील फियोना नावाच्या मादीची ब्रिटनमध्ये डाल्मेशियन म्हणून नोंद झाली, आणि २०११ साली ती क्रफ्ट्‌सच्या प्रदर्शनात उतरली. २०११ मध्येच अमेरिकन केनेल क्लबनेही दार उघडले.

सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे?

पहिली गोष्ट: वंशावळ वाचायला शिकावे. त्यात पदके किती हे पाहण्याआधी एकच पूर्वज किती वेळा आला आहे ते मोजावे. आई-बापांचे पूर्वज समान असतील तर पिल्लात एकाच जनुकाच्या दोन सारख्या प्रती येण्याची शक्यता वाढते. ही शक्यता मोजण्याचे गणित स्यूअल राइट यांनी १९२२ साली मांडले. सख्ख्या भावंडांच्या जोडीत, त्यांचे आई-बाप एकमेकांच्या नात्यातले नसतील तर, ती पाव भरते.

दुसरी: तपासणी जोडी लावण्याआधी करावी. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणाही आढळतो. पिल्लू एका कानाने बहिरे असेल तर ते वागण्यावरून कळत नाही. त्यासाठी मेंदूतील विद्युत्संदेश मोजणारी चाचणी करावी लागते.

तिसरी: उत्साहाच्या भरात दुसरी चूक करू नये. सगळ्यांनी त्याच दोन-चार निरोगी कुत्र्यांपासून पैदास केली, तर एक दोष जाईल आणि त्यांच्यातील एखादा लपलेला दोष जातभर पसरेल. म्हणून ‘नद’ कुत्राही उपयोगाचा असतो. त्याची जोडी विचारपूर्वक लावायची असते.

चौथी गोष्ट आपल्याकडची. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, दीड वर्षाच्या आतील मादीपासून पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घ्यायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी एवढे तीन प्रश्न विचारले, तरी विकणाऱ्याची पारख होते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. गट पाडून ‘नद’ आणि ‘नद’ अशी जोडी नाणेफेकीने चाळीस वेळा जुळवावी आणि ‘दद’ पिल्ले किती येतात ते मोजावे. उत्तर दहाच्या आसपास येईल. मग विचारावे: ही दहा पिल्ले टाळायची असतील तर काय करावे लागेल? आणि नोंदवहीच त्याला आडवी येत असेल, तर बदलायचे काय? मुलांना वाद घालू द्यावा. अमेरिकेतील जाणत्या माणसांनी त्याच वादात तीस वर्षे घालवली, आणि तेवढ्या काळात खड्यांनी तळमळणाऱ्या कुत्र्यांना नोंदवहीत काय लिहिले आहे याच्याशी काहीच देणेघेणे नव्हते.