हिंगण्याचे महिला पाठशाळा कॉलेज

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिही, असा आग्रह भगिनींनी केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठा विषय न घेता, पुण्याजवळ हिंगण्यास निघालेल्या एका लहानशा कॉलेजाची हकीकत सांगते.

अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे प्लेगामुळे तो शहराबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी हिंगण्यास जागा दिली आणि १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि काम संपले की आश्रमाचे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात सारी वाट चिखलाची!

स्वयंपाक, पाणी, झाडलोट मुलींनीच करायची. ज्या विधवेला घरी कोपऱ्यात बसविले होते, ती येथे पाटीवर अक्षरे गिरवू लागली. त्या काळी ही गोष्ट लोकांस सहजासहजी रुचणारी नव्हती.

जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या वाचनात आली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तसेच विद्यापीठ आपल्याकडे हवे असे सांगितले, आणि १९१६ साली ते सुरूही केले. त्याचे पहिले कॉलेज म्हणजे हिंगण्याची महिला पाठशाळा. विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच!

शिकविणे मातृभाषेतून होते. इंग्रजी होतेच, पण एक विषय म्हणून. गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषयही कॉलेजच्या अभ्यासात होते. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या.

परंतु भगिनींनो, ह्या पदवीस सरकारची मान्यता नव्हती! मराठीत शिकून काय उपयोग, ही पदवी दाखवून नोकरी कोण देणार, असे विचारणारे पुष्कळ होते. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडले. तोपर्यंतच्या पस्तीस वर्षांत ज्या मुली शिकल्या, त्या ह्या प्रश्नाला तोंड देऊनच शिकल्या. त्यांतल्याच एक बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर. १९३३ साली त्यांनी विभावरी शिरूरकर ह्या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. आपल्या भाषेत शिकलेली बाई आपल्या भाषेत काय सांगू शकते, ते सर्वांस कळले.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या पार्वतीबाई आठवले. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांच्या त्या भगिनी. ऐन तारुण्यात वैधव्य आले. आश्रमात शिकल्या आणि त्याच आश्रमासाठी त्यांनी गावोगाव वर्गणी गोळा केली. त्यांचा जन्म १८७० सालचा. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, म्हणजे वय ४८. इंग्रजी बेताचेच, लोकांच्या घरी काम करून त्या ते शिकल्या आणि संस्थेसाठी पैसाही जमविला. हे वाचले तेव्हा मी माझे वय मोजून पाहिले.

पैशाची मोठी अडचण १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने दूर झाली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईस गेली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांस भारतरत्न मिळाले. हिंगण्याचा तो भाग आज कर्वेनगर म्हणून सर्वांस ठाऊक आहे.

आपल्या मुली आता कॉलेजात जातात, हे चांगलेच आहे. पण दुपारी भांडी आवरल्यावर आपल्यालाही तासभर मिळतो. मंडळाच्या खोलीत त्या वेळी वाचनाचा वर्ग सुरू करावा, अशी माझी सूचना आहे. आरंभी पाच जणी आल्या तरी पुरे.