खिशातल्या कॅमेऱ्याची बाजू

अमरावती-अकोल्यात कॅमेरा घ्यायला निघालेल्या पोराला सल्ला ठरलेला मिळतो : घ्यायचाच तर मोठी बॉडी आणि 70-200 ची लेन्स घे, नाहीतर मोबाईल आहेच, मधला छोटा, एकाच पक्क्या लेन्सचा कॅमेरा म्हणजे पैसेवाल्यांची हौस. या मताला आधार आहे. इथं कॅमेऱ्यावर पोट चालतं ते लग्नसराईत, आणि दूरच्या स्टेजवरचा चेहरा टिपायला लांब लेन्स लागते. मेळघाटातही लागते. पण मांडवात आणि जंगलात खरं ठरलेलं मत अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर चालवू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

‘छोटा कॅमेरा म्हणजे हलका दर्जा’ हा आक्षेप निदान 2013 पासून तरी टिकत नाही. त्या वर्षी आलेल्या रिको जीआर आणि निकॉन कूलपिक्स ए या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर होता. हौशी मंडळींच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. त्यांचे 16 मेगापिक्सल 300 डीपीआयने छापले तरी जवळपास ए-3 कागद भरतो.

खरा वाद अंतराचा आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्यात राजेश्वराला येतात. त्या गर्दीत दहा मीटरवरून 200 मिमी लेन्स लावली, तर फुल फ्रेमवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा हाती येतो, आणि मधे शंभर डोकी आडवी येतात. 28 मिमी कोनाचा छोटा कॅमेरा घेऊन दोन मीटरवर उभे राहा : अडीच मीटर रुंदीची चौकट मिळते. कावडीचा बांबू, खालचे खांदे, शेजारून चालणारी माणसं, सगळं एकात. शिवाय मोठी लेन्स निघाली की लोक सावरून उभे राहतात आणि विचारतात, “कोन्त्या पेपरात येईन भाऊ हे?” प्रश्न प्रेमाचा असतो, पण टिपायचा क्षण तिथंच संपतो.

याचा दाखला शोधायला लांब जायची गरज नाही, शेजारचा वर्धा जिल्हा पुरतो. सेवाग्रामला कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले ते रोलीफ्लेक्सवर. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून तो घेतला होता. बापूंच्या अटी तीन : फ्लॅश नको, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. रोलीफ्लेक्सची लेन्स बदलता येत नाही, शटर लेन्समध्येच असल्याने आवाज नाममात्र, आणि कॅमेरा छातीशी धरून वरून पाहायचा असल्याने समोरच्यावर रोखला जात नाही. म्हणून त्या अटी पाळता आल्या. आजच्या जीआर किंवा फुजीच्या एक्स100 मालिकेतही लेन्स पक्की आणि शटर लेन्समध्येच आहे.

मोबाईलवाल्यांचं म्हणणं अधिक वजनदार आहे, कारण तो कायम हाताशी असतो. पण अकोल्याचा मे महिना विचारात घ्या. पारा 45 च्या वर जातो, आणि आयफोनची कंपनी फोन वापरायची मर्यादा 35 अंश सांगते. तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, आणि नेमकं त्याच उन्हात स्क्रीनखेरीज पाहायला दुसरं काही नसतं. छोट्या कॅमेऱ्यांवरही बहुधा 40 अंशच लिहिलेलं असतं, हे मान्य. त्यांनाही सावलीत ठेवावं लागतं. पण एक्स100 ला डोळा लावायची खिडकी आहे. जीआरला ती नाही, मात्र त्यात फोकस आधीच दोन मीटरवर बांधून ठेवता येतो आणि न पाहताही फोटो निघतो.

किमतीचा आक्षेप नव्या मालाबाबत खरा आहे. एक्स100 मालिकेतला ताजा कॅमेरा लाखाच्या वर जातो आणि विद्यार्थ्याने त्यासाठी कर्ज काढू नये. त्याने 2013 चा जीआर जुना घ्यावा, मात्र घेण्याआधी पांढऱ्या भिंतीचा फोटो बारीक छिद्रावर, एफ-16 ला, काढून डाग तपासावेत. जीआरला धुळीपासून संरक्षण नाही, आणि वऱ्हाडात उन्हाळाभर धूळच उडते. सेन्सरवर बसलेला कण लेन्स न उघडता काढता येत नाही, म्हणून झिपची पिशवी सोबत हवीच. ज्याला उन्हात काम करायचं आहे त्याने डोळ्याची खिडकी असलेला कॅमेरा घ्यावा; ज्याला कावडीत, अमरावतीच्या इतवारा बाजारात, अंबादेवीच्या नवरात्रात शिरायचं आहे त्याने 28 मिमीवाला घ्यावा.